संगणकाच्या शंका : टेपवर बॅकअप घ्यायचा, तर साधनं कोणती निवडावीत?

फाइली एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरवरच्या लेखात आम्ही 'एक प्रत टेपवर ठेवा' एवढंच लिहून पुढे गेलो होतो. (टेप म्हणजे चुंबकीय पट्टीचं काडतूस, ते ड्राइव्ह नावाच्या यंत्रात घालून लिहायचं-वाचायचं. एलटीओ हा त्याचा प्रकार, आणि पुढचा आकडा पिढीचा.) त्यावर कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांनी नेमके प्रश्न पाठवले आहेत. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : शिवाजी उद्यमनगरात आमचा पॅटर्न आणि कास्टिंगचा कारखाना आहे. ड्रॉइंग, थ्रीडी मॉडेल आणि अकाउंट्स मिळून ८ टीबी डेटा एका लिनक्स सर्व्हरवर आहे. बॅकअपच्या दोन हार्ड डिस्क सर्व्हरलाच जोडलेल्या असतात. साप्ताहिक सुट्टी सोमवारी. सेकंडहँड एलटीओ-६ ड्राइव्ह स्वस्तात मिळतोय, घ्यावा का? आणि सॉफ्टवेअर विकतचं घ्यावं की फुकटचं चालेल?

उत्तर : जोडून ठेवलेल्या डिस्कना बॅकअप म्हणू नका. सर्व्हर एन्क्रिप्ट झाला की पाठोपाठ त्याही जातात. टेप ड्राइव्हमधून काढून कपाटात गेली, की नेटवर्कवरून तिला कुणी हात लावू शकत नाही.

आधी ड्राइव्ह. एलटीओ-६ च्या एका टेपवर २.५ टीबी बसतं. खोक्यावर ६.२५ टीबी छापलेलं असतं, तो आकडा डेटा अडीचपट दाबला जाईल असं गृहीत धरून काढलेला आहे. फोटो, व्हिडिओ, झिप फाइली काही दाबल्या जात नाहीत, म्हणून हिशेब नेहमी मूळ आकड्यावर करा. तुमच्या ८ टीबीला चार टेपा लागतील. वेग सेकंदाला १६० एमबी, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर चौदा तास, आणि मध्ये तीनदा टेप बदलायला माणूस. रविवारी रात्री सुरू केलेला बॅकअप साडेचार तासांत पहिली टेप भरेल आणि मंगळवारी सकाळी कुणी शटर उघडेपर्यंत दुसऱ्या टेपेची वाट बघत बसेल. एलटीओ-८ च्या टेपवर १२ टीबी बसतं आणि वेग ३६० एमबी आहे. सर्व्हरच्या डिस्क तेवढ्या वेगाने डेटा देत असतील तर सगळं काम एकाच टेपवर साडेसहा तासांच्या आत उरकतं. पैसे जास्त जातील, पण तुमच्या जागी आम्ही एलटीओ-८ च घेऊ.

दुसरं कारण पिढ्यांचं. एलटीओ-७ पर्यंतचा ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचायचा आणि एक पिढी मागची लिहायचा. आठपासून हे बदललं. आठला फक्त सातपर्यंत मागे जाता येतं, नऊला फक्त आठपर्यंत, आणि एलटीओ-१० ला मागचं काहीच वाचता येत नाही. आज सहावर लिहिलेली टेप पुढे वाचायला सहाचा किंवा सातचाच ड्राइव्ह शोधावा लागेल. उत्पादक टेपचं आयुष्य तीस वर्षं सांगतात, पण ती वाचणारं यंत्र तोवर कुठे मिळणार, हे विकत घेतानाच बघायचं असतं.

तरीही सेकंडहँड घेणार असाल, तर विकणाऱ्यासमोर एक नवी टेप पूर्ण भरून बघा, आणि भरताना न दाबली जाणारी व्हिडिओ फाइलच वापरा. ड्राइव्ह लिहिता लिहिताच तो मजकूर परत वाचून तपासतो आणि बिघडलेला तुकडा पुढे पुन्हा लिहितो. हेड, म्हणजे लिहिणारा-वाचणारा भाग, झिजलेलं असलं तरी पडद्यावर एरर येत नाही, टेप मात्र लवकर संपते. २.५ टीबीची टेप २.२ वर 'भरली' म्हणाली तर व्यवहार सोडून द्या. आयबीएमच्या ड्राइव्हसाठी आयटीडीटी आणि एचपीच्या ड्राइव्हसाठी लायब्ररी अँड टेप टूल्स ही कंपन्यांचीच तपासणीची साधनं आहेत. त्यात ड्राइव्हचा मागचा इतिहासही दिसतो.

जोडणी एसएएस, म्हणजे सर्व्हरच्या डिस्कना असते त्या प्रकारची असते. सर्व्हरमधल्या रेड कार्डाचा (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा) पोर्ट मोकळा दिसतो म्हणून त्याला टेप लावू नका, बऱ्याच रेड कार्डांना टेप दिसतच नाही. साधं एचबीए, म्हणजे नुसती जोडणी देणारं कार्ड वेगळं घ्या. केबल मागवताना दोन्ही टोकं तपासा. जुन्या बाह्य ड्राइव्हला बहुधा एसएफएफ-८०८८ प्रकारचं टोक आणि नव्या कार्डाला एसएफएफ-८६४४ असतं. ऐनवेळी काम अडतं ते याच केबलपायी.

आता सॉफ्टवेअर. ते विश्वासाचं आहे का, हे ठरवायला आम्ही एकच कसोटी लावतो. सर्व्हर गेला, सॉफ्टवेअरचा परवाना गेला, त्याचा डेटाबेसही गेला. हातात एक टेप आणि एक ड्राइव्ह उरला. टेप वाचता येईल का?

या कसोटीवर सगळ्यात वर येतो साधा टार, म्हणजे फाइलींचा एक गठ्ठा बांधणारी कमांड. कुठल्याही लिनक्सवर तो असतोच. त्याच्या खालोखाल अमांडा हे फुकटचं बॅकअप सॉफ्टवेअर. अमांडा प्रत्येक बॅकअपच्या आधी टेपवर ३२ केबीचा मथळा लिहितो. तो डीडी या, मजकूर जसाच्या तसा उतरवणाऱ्या कमांडने पडद्यावर आणला की यंत्राचं नाव, फोल्डर आणि तारीख दिसते, आणि खाली हा भाग कुठल्या कमांडने सोडवायचा हे साध्या इंग्रजीत लिहिलेलं असतं. अमांडा नसलेल्या संगणकावरही डीडी आणि टार वापरून काम होतं. त्याची खोड एवढीच, की प्रत्येक वेळी त्याला नवी टेप लागते. कालच्या टेपच्या शेवटी तो आजचं जोडत नाही. रोजचा २० जीबीचा फरक असेल तर तो होल्डिंग डिस्कवर, म्हणजे तात्पुरत्या साठ्याच्या डिस्कवर साठवून आठवड्यातून एकदा टेपवर उतरवायचा.

बॅक्युला, आणि त्यातून २०१० मध्ये वेगळा निघालेला बॅरिओस, हे जास्त ताकदवान आहेत. दहा-वीस यंत्रं आणि बरेच नियम असतील तर तेच घ्या. पण कुठली फाइल कुठल्या टेपवर आहे ही त्यांची सगळी माहिती कॅटलॉगमध्ये, म्हणजे वेगळ्या डेटाबेसमध्ये असते. तो गेला तर 'बीस्कॅन' वापरून पुन्हा उभा करता येतो, पण त्यासाठी टेप अथपासून इतिपर्यंत वाचावी लागते, आणि असे तास नेमके नको त्या दिवशी मोजावे लागतात. म्हणून रोजचा बॅकअप झाल्यावर कॅटलॉगचाही बॅकअप घ्या, आणि बूटस्ट्रॅप फाइल (कुठला बॅकअप कुठल्या टेपवर कुठे आहे ते सांगणारी छोटी फाइल) त्या सर्व्हरबाहेर, निदान मेलवर तरी जाऊ द्या. विकतच्या सॉफ्टवेअरलाही हीच कसोटी लावा आणि उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्या. जाता जाता, विंडोज सर्व्हरसोबत येणाऱ्या बॅकअपला २००८ पासून टेपवर लिहिता येत नाही, त्यामुळे तो पर्याय नाहीच.

तुमचा सर्व्हर एकच आहे, तुम्हाला टार पुरे. ब्लॉकिंग फॅक्टर, म्हणजे एका दमात लिहायच्या तुकड्यातले (ब्लॉकमधले) एकक, ५१२ ठेवा. टारचा एकक ५१२ बाइटचा, म्हणून ब्लॉक २५६ केबीचा होतो. मूळ सेटिंगमधला १० केबीचा ब्लॉक एलटीओला फारच लहान. रविवारी रात्री पूर्ण बॅकअप घ्या आणि इतर रात्री 'लिस्टेड इन्क्रिमेंटल' पर्यायाने फक्त बदललेलं. मागच्या वेळी काय होतं याची नोंद ठेवणारी त्याची स्नॅपशॉट फाइलही जपा. परत आणताना आधी पूर्ण, मग प्रत्येक रात्रीचा फरक त्याच क्रमाने. टारच्या आउटपुटला जीझिप (डेटा दाबणारा प्रोग्राम) लावू नका. मध्ये एक ब्लॉक खराब निघाला तर त्यापुढचं काही सुटत नाही, आणि दाबण्याचं काम ड्राइव्ह स्वतःच करतो. अकाउंट्सचा डेटाबेस चालू असताना त्याची फाइल उचलू नका, आधी त्याचा डंप, म्हणजे त्या क्षणाची स्थिर प्रत घ्या आणि तो टेपवर टाका.

महिनाअखेरची टेप पुन्हा लिहायला वापरू नका, ती बाजूला ठेवा. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने, आणि कंपनी असेल तर हिशेबाच्या वह्या ८ आर्थिक वर्षं सांभाळाव्या लागतात. तेव्हा टेपा किती लागतील हे त्यावरून काढा.

प्रश्न : सोमवार, मंगळवार, बुधवार असा रोजचा बॅकअप एकाच टेपवर टारने घेतला. स्क्रिप्ट सोबत पाठवली आहे. एकही एरर आली नाही. आता टेपवर फक्त बुधवारचाच डेटा सापडतो. आधीचा परत मिळेल का? (कागल पंचतारांकित एमआयडीसी)

उत्तर : नाही मिळणार. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ड्राइव्हचं नाव 'एसटी-झिरो' आहे. या नावाने उघडलेला ड्राइव्ह काम संपताच टेप मागे गुंडाळून सुरुवातीला आणतो. त्यामुळे मंगळवार सोमवारवर लिहिला गेला आणि बुधवार मंगळवारवर. पुढच्या पट्टीवर जुनं काही शिल्लक असलं, तरी बुधवारच्या शेवटी 'डेटा संपला' अशी खूण पडली आहे आणि ड्राइव्ह तिच्यापलीकडे जात नाही.

'एनएसटी-झिरो' वापरा, तो गुंडाळत नाही. रोज लिहिण्याआधी 'एमटी'ला (टेप पुढे-मागे नेणाऱ्या कमांडला) 'ईओडी' सांगून टेप डेटाच्या शेवटी न्या, मग 'स्टेटस' विचारून फाइल क्रमांक बघा. पहिल्या रात्रीनंतर तो १ असायला हवा, दुसऱ्या रात्रीनंतर २. क्रमांक अपेक्षेप्रमाणे नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं, ही अट त्यात घाला. टेप भरली किंवा पूर्ण आठवडा झाला, की काडतुसाच्या पाठीमागची सरकती खिट्टी लिहिणं बंद करायच्या बाजूला ढकला.

तुम्ही खाली लिहिलंय, की दुसऱ्या संगणकावर तीच टेप 'मेमरी मिळत नाही' म्हणते. रॅमचा त्यात काही संबंध नाही. लिहिताना ब्लॉक मोठा होता, वाचताना टारला लहान सांगितला आहे. तोच किंवा त्याहून मोठा फॅक्टर द्या, टेप वाचली जाईल. फॅक्टर टेपच्या खोक्यावर पेनने लिहून ठेवा. पाच वर्षांनी स्क्रिप्ट लिहिणारा माणूस नोकरीत असेलच असं नाही.

प्रश्न : आमच्या रुग्णालयात एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या लाखो लहान फाइली आहेत. एलटीओ-७ ड्राइव्ह ३०० एमबीचा म्हणून घेतला, प्रत्यक्षात २० एमबीसुद्धा वेग मिळत नाही आणि ड्राइव्ह सतत पुढे-मागे झाल्याचा आवाज येतो. ड्राइव्ह खराब आहे का?

उत्तर : ड्राइव्ह चांगला आहे, पण असाच चालवलात तर होईल खराब. टेप ठरावीक वेगाने पळत असते. डेटा उशिरा आला की ड्राइव्ह थांबतो, पट्टी मागे घेतो आणि पुन्हा वेग घेऊन लिहू लागतो. बूट पॉलिशवाल्याच्या फडक्यासारखी ही ये-जा, आणि तंत्रज्ञ तिला त्याच अर्थाने 'शू-शायनिंग' म्हणतात. हेड आणि पट्टी दोन्ही झिजतात. नवे ड्राइव्ह आपला वेग कमी करून जुळवून घेतात, पण साधारण कमाल वेगाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच. तुमच्या ड्राइव्हला निदान १०० एमबी सतत मिळायलाच हवेत.

अडचण टेपची नाही, डिस्कची आहे. लाखो लहान फाइली वाचताना हार्ड डिस्कचा वेळ शोधण्यातच जातो. उपाय दोन टप्प्यांचा करा. दिवसभराच्या फाइली आधी एसएसडीवर एका मोठ्या टार फाइलीत गोळा करा, मग ती एकच फाइल टेपवर सोडा. २ टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क या कामाला भरपूर झाली. डेटा नेटवर्कवरून येत असेल तर लक्षात ठेवा, एक गिगाबिटची वायर सेकंदाला ११० एमबीच्या फारसं वर देत नाही; म्हणजे टेपवर उतरवायची फाइल ड्राइव्ह असलेल्या यंत्रातच हवी.

टार आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये 'एमबफर' हा डेटा मेमरीत साठवून पुढे देणारा प्रोग्राम बसवा. ४ जीबी मेमरी, ८० टक्के भरल्यावरच लिहायला सुरुवात आणि ब्लॉक टारइतकाच, २५६ केबी. स्रोत २०० एमबी देत असेल आणि ड्राइव्ह ३०० ने ओढत असेल, तर ३.२ जीबी साठा सुमारे ३२ सेकंद पुरतो. मग ड्राइव्ह एकदा थांबतो, साठा भरू देतो आणि पुन्हा सलग पळतो. दर दोन सेकंदांनी अडखळण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण स्रोतच २० एमबीचा असेल तर एमबफर एकटा पुरणार नाही, एसएसडीचा टप्पा हवाच.

रुग्णांचा डेटा आहे, तर एन्क्रिप्शनही हवं. एलटीओ-४ पासून ते ड्राइव्हमध्येच असतं, २५६ बिटचं, एईएस पद्धतीचं, आणि वेग कमी होत नाही. लिनक्सवर 'स्टेन्क' या साधनाने ते चालू करता येतं. किल्ली मात्र कागदावर छापून दोन वेगळ्या तिजोऱ्यांत ठेवा. ती हरवली तर टेप कोरीच समजा, कुणीही ती उघडून देऊ शकणार नाही.

प्रश्न : राजारामपुरीत आमचा लग्नाच्या फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. विंडोज वापरतो, कमांड जमत नाहीत. टेप पेनड्राइव्हसारखी वापरता येते असं ऐकलं, ते खरं का?

उत्तर : खरं आहे. २०१० च्या एलटीओ-५ पासून एलटीएफएस ही सोय आली. टेप माउंट केली की विंडोजमध्ये तिचं अक्षर दिसतं आणि फाइली ओढून टाकता येतात. वर्षाचं काम एकदा लिहून ठेवायचं आणि क्वचित काढायचं, अशा स्टुडिओला हीच पद्धत योग्य.

पण ती पेनड्राइव्ह नाही, हे विंडोजला कळत नाही. फोटोंचं फोल्डर उघडलं की एक्स्प्लोरर लघुचित्रं बनवायला प्रत्येक फाइलपाशी धावतो. टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत जात राहते आणि पडदा गोठतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये 'नेहमी आयकॉन दाखवा, लघुचित्रं नकोत' ही खूण आधी करा, आणि अँटिव्हायरसमधून टेपचं अक्षर वगळा. फाइल पुसली तरी जागा परत मिळत नाही, सगळी टेप पुन्हा फॉरमॅट केल्यावरच मिळते. म्हणून त्यावर एडिटिंग नको, फक्त अंतिम प्रती ठेवा. काम झाल्यावर आधी सॉफ्टवेअरमधून इजेक्ट करा, मगच ड्राइव्ह बंद करा. टेपची अनुक्रमणिका त्या वेळी पूर्ण लिहिली जाते. मध्येच लाइट गेली तर 'एलटीएफएस-चेक' चालवून बहुतेक वेळा टेप सावरता येते, पण यूपीएस घेतलेला बरा.

कॉपी करताना पडताळणी करणारं साधन वापरा, आणि एकाच लग्नाच्या दोन टेपा करा. दुसरी स्टुडिओत ठेवायची नाही.

एलटीओ-९ घेतलात तर घाबरू नका : कोरी टेप पहिल्यांदा घातल्यावर ड्राइव्ह तिची मोजणी करतो. त्याला बहुधा ४० मिनिटं लागतात, कधी दोन तासही. ड्राइव्ह अडकला समजून तेव्हा बटण दाबू नका.

प्रश्न : गडहिंग्लजच्या आमच्या पतसंस्थेत २००३ च्या सुमाराच्या चार मिलिमीटर डीडीएस-४ टेपा सापडल्या. बहुधा विंडोजच्या जुन्या बॅकअपने लिहिलेल्या आहेत. वाचता येतील?

उत्तर : आधी डोळ्यांनी बघा. झाकण हळूच उचलून पट्टीच्या कडेला पांढरट-करडी पावडर दिसते का ते पाहा. दिसली तर ती बुरशी समजा आणि टेप ड्राइव्हमध्ये घालू नका. एका टेपची बुरशी फिरत्या हेडवरून बाकीच्या टेपांना लागते.

स्वच्छ असेल तर लिहिण्याची खिट्टी बंद करा. डीएटी-७२ (डीडीएसचीच पुढची पिढी) ड्राइव्ह डीडीएस-४ वाचतो, आणि सेकंडहँड बाजारात तो बऱ्यापैकी मिळतो. त्याला बहुधा जुन्या जोडणीचं स्कझी कार्ड लागेल. लिनक्सवर डीडीने टेपचा प्रत्येक भाग एकदाच डिस्कवर उतरवा, पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करा. पट्टी वीस वर्षांची आहे, तिला पुन्हा पुन्हा पळवू नका. प्रतीची सुरुवात हेक्स संपादकात (फाइलचे मूळ बाइट दाखवणाऱ्या साधनात) उघडा. पहिली चार अक्षरं इंग्रजीत 'टेप' अशी असतील तर ते मायक्रोसॉफ्टचं टेप स्वरूप आहे, म्हणजे तुमचा अंदाज बरोबर. 'एमटीएफ-टार' नावाचं साधन ते टारमध्ये बदलून देतं. २५७ व्या बाइटपाशी 'यूस्टार' दिसलं तर ती साधी टार आहे. विंडोज ७ साठी मिळणारं जुन्या बॅकअपचं रिस्टोअर साधन इथे कामाचं नाही. ते डिस्कवरच्या फाइली वाचतं, टेप नाही.

प्रश्न : आमचं ऑफिस शाहूपुरीत, तळमजल्यावर. टेपा कुठे ठेवाव्यात? पावसाळ्यात दमटपणाचं काय?

उत्तर : दीर्घकाळ ठेवायला १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता हवी. जून ते सप्टेंबर कोल्हापूरच्या साध्या कपाटात हे जमत नाही. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात रंग बदलणारं सिलिका जेल आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक एवढं पुरतं. आकडा ५० च्या वर गेला की जेल तापवून कोरडं करा. टेपा उभ्या ठेवा. थंड खोलीतून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, एक दिवस खोलीत राहू द्या. टेप हातातून पडली असेल तर दार सरकवून आतली धातूची पिन जागेवर आहे का बघा. ती सुटलेली टेप ड्राइव्हमध्ये अडकते आणि ड्राइव्हसकट दुरुस्तीला जाते.

जागेबद्दल म्हणाल, तर २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्यांना शाहूपुरीचा तळमजला वेगळा समजावायला नको. बाहेरची प्रत ठेवायला तीन गोष्टी बघा. पहिली, उंची : पहिल्या मजल्याच्या खाली नको, बँकेचा लॉकर तळघरात असेल तर तोही नको. दुसरी, नदी : सांगलीला ठेवून उपयोग नाही, पंचगंगा चढते त्याच दिवसांत कृष्णाही चढते. तिसरी, रस्ता : दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली होता, त्यामुळे शिरोली एमआयडीसीतली टेप सुरक्षित राहिली तरी शहरातून तिथे पोहोचता आलं नसतं. एक प्रत राजारामपुरीच्या उंच भागात, एक पुण्याला किंवा बेळगावला, हे आम्हाला पटतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी इशारा पातळीला, ३९ फुटांना, पोहोचलं की ऑफिसातल्या टेपा हलवा. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. तेव्हा गाडी काढता येईलच असं नाही.

भिजलेली टेप उन्हात वाळवू नका, हेअर ड्रायर लावू नका आणि ड्राइव्हमध्ये तर मुळीच घालू नका. चिखल आत सुकायच्या आधी ती डेटा रिकव्हरीवाल्यांकडे पोहोचली पाहिजे.

प्रश्न : क्लीनिंग टेप दर आठवड्याला चालवावी का?

उत्तर : नको. ती खरखरीत असते आणि हेड झिजवते. ड्राइव्ह स्वतः मागेल तेव्हाच घाला. पुढच्या दिव्याने किंवा पडद्यावरच्या इंग्रजी 'सी' ने तो ते सांगतो. एक क्लीनिंग टेप जास्तीत जास्त पन्नास वेळा चालते, किती झाल्या ते खोक्यावर रेघा मारून ठेवा. साफ केल्यावर त्याच टेपला पुन्हा क्लीनिंगची मागणी आली तर दोष ड्राइव्हचा नसून त्या टेपचा असू शकतो. दुसरी टेप घालून बघा, आणि मागणी थांबली तर पहिलीवरचा डेटा नव्या टेपवर उतरवून ती वापरातून काढा.